लाल म्हणजे लाल

३ जुलै, गुरुवार

आज सगळे छत्तीस मीटर जिवंत आहेत. हे एवढं वाक्य लिहायला मला सतरा दिवस लागले.

जूनच्या मध्यापासून कोल्हापुरात ऊन असं पडलंच नाही. आणि आमचा पार्किंग मीटर तर उन्हावर जगणारा. रस्त्याच्या कडेला छातीएवढा खांब, डोक्यावर ताटाएवढं सोलर पॅनल, पोटात बॅटरी आणि मोबाइलचं सिम. चार गाड्यांना मिळून एक मीटर. प्रत्येक जागेत डांबरात एक गोल चकती पुरलेली. वर गाडी उभी राहिली की चकतीला लोखंड कळतं, ती मीटरला सांगते, मीटर सिमवरून सर्व्हरला. गाडीवाल्यानं दहा मिनिटांत पैसे भरले तर कर्मचाऱ्याच्या हँडसेटवर ती जागा हिरवी, नाहीतर लाल. लाल म्हणजे चाकाला जॅमर. एप्रिलमध्ये आमच्या कंपनीच्या विश्वजितसरांनी पुण्याहून येऊन महापालिकेत हे दाखवलं तेव्हा टाळ्या पडल्या होत्या. पण तो एप्रिल होता.

जूनमध्ये अकरा मीटर पाठोपाठ अंधारले. कोल्हापुरात कंपनीची तांत्रिक माणूस मी एकटी. शेवटी मी एक सेटिंग केलं, त्याला मी 'झोप' म्हणते. बॅटरी चाळीस टक्क्यांखाली गेली की मीटरमधला मोडेम झोपतो. सगळ्यात जास्त वीज तोच खातो. चार तासांनी एकदा उठतो, साठलेलं पाठवतो, परत झोपतो. मोबाइलवरून पैसे भरणाऱ्यांना काही फरक नाही, ते थेट सर्व्हरला जातात. नाणी टाकणाऱ्यांची नोंद तेवढी उशिरा पोचते. पण आता नाणी टाकतं कोण? आणि शंका आलीच तर कर्मचारी मीटरचं बटण दाबून स्क्रीनवर वेळ बघू शकतो.

सरांचा फोन आला. "शिवलीला, तू प्रकल्प वाचवलास." बदल माझ्याच लॉगिनवरून करायला त्यांनीच सांगितलं होतं. म्हणाले, श्रेय तुला मिळायला हवं. 

घरी अव्वाला सांगितलं. आईनं कौतुक करावं की नाही? ती म्हणाली, "म्हंजे आता यंत्रं बी झोपा काढाय लागली म्हण की."

८ जुलै, मंगळवार

दवाखान्यांच्या गल्लीत गेले होते. तिथले तेरा ते अठरा हे सहा मीटर कृष्णातमामांकडे. पन्नाशी ओलांडलेले. मीटर येण्याआधी अठरा वर्षं ते ह्याच गल्लीत पावत्या फाडायचे. कंपनीनं त्यांना निळा शर्ट, हँडसेट आणि जॅमर दिलेत. हँडसेट ते असा धरतात, जणू कुणी दोन मिनिटं सांभाळायला दिलाय.

सोळा नंबरची बॅटरी सगळ्यात खाली आहे. कारण लगेच दिसलं. मीटरला चिकटूनच कुणा दादांच्या वाढदिवसाचं डिजिटल पोस्टर उभं आहे, वीस फुटी. पॅनल दिवसभर सावलीत. वाढदिवस मे महिन्यात होऊन गेला.

"मामा, हे काढायला सांगा की कुणाला तरी."

"तुमी सांगा मॅडम. मला ह्या गल्लीत ऱ्हायाचं हाय."

महापालिकेला अर्ज दिला. पोच घेतली.

१४ जुलै, सोमवार

अर्जाचं काही झालं नाही. सोळा पंधरा टक्क्यांवर. सरांना फोन केला. बोलता बोलता तोंडातून 'मी बघतो की' निघून गेलं, जयसिंगपूरकडच्या आम्ही बायका 'बघतो, करतो' असंच बोलतो. ते हसले. मग म्हणाले, स्क्रीन बंद करून किती वाचेल? मी हिशोब करून सांगितलं, बरंच. मग झोपेत स्क्रीनही बंद केला. आता नाणी टाकली की फक्त एक 'टिक' आणि तीन सेकंद हिरवा दिवा. बटण दाबून वेळ बघता येणार नाही.

हे मेलवर लिहून पाठवू का, असं विचारलं. "मेल कशाला? आपण बोललोय ना. सिस्टिममध्ये तुझ्या नावानं नोंद होतेच." कागदांचा सोस नसलेला साहेब मिळणं म्हणजे नशीबच.

२४ जुलै, गुरुवार

पंचगंगेचं पाणी चढतंय. पण आज लिहायचं आहे ते कृष्णातमामांबद्दल.

सरांना दर पंधरवड्याला प्रत्येक कर्मचाऱ्याचा आकडा लागतो. किती लाल दिसले, किती जॅमर लागले. बाकी सगळ्यांचे दहातले आठ तरी लागतात. मामांचे एकसष्ट लाल, जॅमर चार. गल्लीत जाऊन विचारलं.

"सगळी लाल खरी नसत्यात मॅडम."

"म्हणजे?"

"ढग आलं की यंत्र खोटं बोलतंय. माणूस माझ्या डोळ्यांम्होरं नाणी टाकून दवाखान्यात गेलेला असतोय, आन् ह्यात लाल."

"मग तुम्ही ठरवता कसं?"

"तोंडाकडं बघून कळतंय की. चुकवणारा गाडीतनं उतरतानाच हिकडंतिकडं बघतोय."

मी म्हणाले, तोंड बघूनच ठरवायचं तर यंत्र कशाला बसवलं? ते म्हणाले, "त्येच मी इचारतोय."

राग आला. पावत्यांच्या काळात तोंड बघून काय काय चालायचं ते साऱ्या गावाला माहीत आहे. पैसे भरलेत असं तर सगळेच म्हणतात. जे आहे ते अहवालात लिहिलं: कर्मचारी यंत्राच्या सूचनेनुसार कारवाई करत नाही.

नाण्यांचं ते म्हणाले ते मात्र एकदा तपासायला हवं. पाणी ओसरलं की.

२९ जुलै, मंगळवार

मामांना नोटीस आली. सगळ्यांना परिपत्रकही आलं: हँडसेटवर लाल म्हणजे लाल, कर्मचाऱ्यानं स्वतःचा निर्णय घेऊ नये, दंड मोबाइलवरूनच घ्यावा, रोख घेऊ नये, दंड जमा झाल्याशिवाय जॅमर उघडू नये. नोटीस मीच नेऊन दिली. त्यांनी चष्मा लावून सबंध वाचली.

"ह्ये तुमच्या अहवालावरनं न्हवं?"

"हो."

"बरं."

नोटिशीची घडी करून खिशात घातली आणि गाड्यांकडे गेले. चिडले असते तर मला बरं वाटलं असतं.

७ ऑगस्ट, गुरुवार

धावपळीचा दिवस. पुढच्या महिन्यात चाचणीचे दिवस संपतात, मग सगळ्या शहरात मीटर लावायचे की नाही ते ठरणार. सर दिवसभर फोनवर आकडे मागत होते. दुपारच्या आधी कृष्णातमामांचा फोन आला, कुणी म्हातारा सोळा नंबरवर दंड भरायला तयार नाही म्हणून. दुसऱ्या फोनवर सर थांबले होते. लाल आहे ना, विचारलं. हो म्हणाले. मग परिपत्रक वाचा, म्हटलं आणि ठेवला. निदान नियम पाळायला लागले.

संध्याकाळी कळलं, त्याच माणसानं सोळा नंबर फोडला. उद्या बघायला जायचं. नशीब, बॅटरी आधीच मेल्यात जमा होती.

८ ऑगस्ट, शुक्रवार

कालचं शेवटचं वाक्य खोडावंसं वाटतंय. खोडत नाही.

सकाळी गल्लीत गेले. सोळाचं डोकं एका बाजूला लोंबत होतं. कृष्णातमामा पायरीवर बसले होते, निळा शर्ट न घालता. त्यांनी सांगितलं ते असं.

मलकापूरहून गणपतराव नावाचा शेतकरी बायकोला ओम्नीतून घेऊन आला होता. मागचं सीट काढून गादी टाकलेली. चिमणाबाई तिचं नाव. सकाळी साडेआठला धार काढताना हात लुळा पडला. त्यांना वाटलं चक्कर. ओळखीच्या डॉक्टरांकडे, ह्याच गल्लीत, पहिल्या मजल्यावर घेऊन आले. डॉक्टरांनी बघितलं आणि सांगितलं, अर्धांगाचा झटका आहे, मोठ्या दवाखान्यात पळा. रक्ताची गाठ विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. म्हणजे एक वाजायच्या आत. पावणेबाराला खुर्चीवर बसवून तिला खाली आणलं, तर चाकाला जॅमर.

"म्हातारा म्हणला, पैसं टाकल्यात. मी म्हणलं, लाल दावतंय. दंड भरतो म्हणला, नोटा काढल्या. रोख घ्याची न्हाई, मोबाइल पायजे. त्येच्याकडं बटणाचा फोन. मग तुमास्नी फोन केलता."

"तुम्ही पेशंटचं सांगितलं नाही मला."

"सांगाय लागलो तवर तुमी ठेवलासा."

रिक्षात तिला बसवेना. अँब्युलन्स पुराच्या पाण्यानं वळसा घालून येणार होती. गणपतरावनं जॅकचा दांडा काढला आणि आधी जॅमरवर, मग मीटरवर घातला. साडेबारा वाजून गेल्यावर मामांनी आपल्या किल्लीनं जॅमर उघडला, परिपत्रक मोडून, आणि स्वतः ओम्नी चालवत मोठ्या दवाखान्यात घेऊन गेले. पोचले तेव्हा एक वाजला होता. तिथला डॉक्टर म्हणाला, तपासण्या होईपर्यंत वेळ निघून जाईल, आता इंजेक्शन देता येत नाही. अर्धा तास आधी आला असतात तर बघता आलं असतं.

बाई जिवंत आहे. उजवी बाजू गेली.

"मामा, तुमच्याकडे किल्ली होती. आधीच का नाही उघडलं?"

त्यांनी खिशातून नोटीस काढून दाखवली. "दोन येळा हात किल्लीकडं गेलता मॅडम."



९ ऑगस्ट, शनिवार

सोळाचं डोकं खोलून ऑफिसला आणलं. सरांचा फोन: आतलं मेमरी कार्ड आजच्या आज कुरिअरनं पाठव, नवीन बसव. "तू उघडून बघत बसू नकोस, वॉरंटीचा प्रश्न येतो." एवढ्या गडबडीत त्यांना वॉरंटीचं सुचलं.

पण हाताला सवय. कार्ड निघालं की मी आधी वाचते, मग पाकिटात घालते.

७ ऑगस्ट. जागा तीन. नाणी. जमा ११:०८. सर्व्हरला पाठवायची वेळ १४:४१.

पैसे भरले होते. पूर्ण दोन तासांचे.

मग सर्व्हरवरून जुलैमधला माझ्या अहवालाचा तो पंधरवडा काढला. कृष्णातमामांच्या सहा मीटरवर मोडेम झोपेत असताना नाण्यांचे बेचाळीस व्यवहार. बेचाळीस वेळा हँडसेटवर खोटा लाल. त्यांनी त्यातल्या एकालाही जॅमर लावला नव्हता. जे चार लावले, ते चारही खरे चुकवणारे निघाले. उरलेल्या पंधरांनी दहा मिनिटांनंतर, पण पैसे भरले होते.

पुन्हा मोजलं. बेचाळीस.

११ ऑगस्ट, सोमवार

सकाळी सरांना फोनवर सगळं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तू कुणाला बोललीस?" नाही म्हटलं. "गुड. घाबरू नकोस. सेटिंग तुझं आहे, तुझ्यावर येऊ नये ह्याची काळजी मी घेतो. कार्ड पाठवलंस?" कुरिअरवाला पाण्यामुळे बंद आहे, असं सांगून टाकलं. का सांगितलं ते मलाच ठाऊक नाही. कुरिअर चालू आहे.

दुपारी छत्तीसही मीटरवर बदल केला: नाणं पडलं की मोडेमनं त्या क्षणी उठायचं, नोंद पाठवायची, मग झोपायचं. एका ओळीचं काम. वीज वाचावी म्हणून ती ओळ मी जुलैत घातली नव्हती. बसस्टँडजवळच्या मीटरवर उभं राहून नाणी टाकून पाहिली. सात वेळा टाकली. सातही वेळा चार सेकंदांत हिरवं.

आता कुणावर खोटा लाल येणार नाही. हे तरी झालं.

१३ ऑगस्ट, बुधवार

कृष्णातमामा निलंबित. दंड जमा नसताना जॅमर उघडल्याबद्दल. गणपतरावांवर सार्वजनिक मालमत्तेच्या नुकसानीचा गुन्हा, तक्रार कंपनीची. बावीस तारखेला महापालिकेत सुनावणी आहे. तिथं तांत्रिक अहवाल द्यायचा आहे. सरांनी तो तयारच करून पाठवला: 'मीटर क्र. १६ घटनेच्या वेळी सुस्थितीत व कार्यरत होता.' खाली माझं नाव, सहीची जागा रिकामी.

वाक्य खोटं नाही. मीटर बिघडलेला नव्हताच. सांगितलं होतं तसंच वागत होता.

सर म्हणाले, पुढच्या शहरासाठी मुख्य म्हणून तुझं नाव सुचवलंय. मला अडचणीतून काढायला ते इतकं करतायत आणि मी साधी सही करत नाही.

१६ ऑगस्ट, शनिवार

अव्वानं कागद बघितला. मी जेवत नाही म्हणून ती मागे लागली होती, शेवटी सगळं सांगितलं. ती सातवी शिकलेली, पण अप्पांच्या दुकानात तीस वर्षं बसलेली बाई.

"ह्ये लिवलंय कुणी?"

"सरांनी."

"मग सही तुझी कशाला पायजे? त्येला हात न्हाईत व्हय?"

मी म्हटलं, तांत्रिक अहवालावर तांत्रिक माणसाचीच सही लागते, तुला कळणार नाही. ती उठली. आमटी गरम करून आणली.

१८ ऑगस्ट, सोमवार

पोलीस ठाण्यात जबाब द्यायला गेले. नुकसान किती, मीटर कधी बसवला, एवढंच विचारणार होते. बाहेर बाकावर एक म्हातारा माणूस बसला होता, धोतर, टोपी मांडीवर. मला बघून सरकून जागा दिली.

"बसा बाई. लई येळ लावत्यात."

त्याच्या हातात बटणांचा फोन होता. तो गावाकडे कुणाला तरी सांगत होता, पातळ भात घाल, डाव्या अंगानं घाल, घाईनं घातलंस तर ठसका लागंल. फोन ठेवून मला म्हणाला, "तिसरी खेप ही. बायकुला शेजारणीवर सोडून येतोय." मग विचारलं, "तुमचं काय गेलं? चोरी?"

नाही, कामासाठी आले, म्हटलं.

मला आत बोलावलं. जबाब दिला. विचारलं तेवढंच सांगितलं. बाहेर आले तेव्हा तो तिथंच बसला होता. मला बघून मान हलवली, ओळखीच्या माणसाला हलवतात तशी.

नऊ तारखेपासून ते कार्ड माझ्या पर्सच्या आतल्या कप्प्यात आहे.

२१ ऑगस्ट, गुरुवार

सर उद्या सकाळी पोचतील. आज तीनदा फोन. सही झाली का, कार्ड कुठे आहे, आणि अकरा तारखेला सेटिंग कुणाला विचारून बदललं. शेवटच्या प्रश्नाला आवाज वेगळा होता. "तू बदल केलास म्हणजे चूक होती हे तूच लिहून दिल्यासारखं झालं, कळतंय का तुला?"

कळलं. त्या वेळी खरंच डोक्यात आलं नव्हतं.

खोटं लिहीत नाही: मला भीती वाटते आहे. नोकरीची वाटते, पण त्याहून जास्त ह्याची वाटते की उद्या तो माणूस माझ्यासमोर बसेल आणि त्याला कळेल, बाकावर शेजारी बसलेली बाई कोण होती.

सही अजून केलेली नाही. कार्डाची एक छापील प्रत काढली आहे.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

झालं.

महापालिकेचे उदयसिंह साहेब टेबलामागे. एका बाजूला सर आणि मी, समोर गणपतराव आणि कृष्णातमामा. गणपतरावांनी मला बघितलं. ओळख लागायला त्यांना वेळ लागला. मग त्यांनी टोपी उचलून दुसऱ्या मांडीवर ठेवली आणि पुन्हा माझ्याकडे पाहिलं नाही.

साहेबांनी अहवाल मागितला. सरांनी माझ्यापुढे पेन सरकवलं. मी म्हणाले, "साहेब, मीटर चालू होता, पण झोपेत होता. ह्यांनी पैसे भरले होते." कार्ड काढताना पर्समधली नाणी खाली पडली. छापील प्रत टेबलावर ठेवली, जुलैचे बेचाळीस व्यवहार ठेवले. सेटिंग माझं आहे, कृष्णात ह्यांच्याविरुद्ध अहवालही माझाच आहे, आणि त्या दिवशी त्यांचा फोन मीच ठेवला, हेही सांगितलं. 

साहेबांनी दोनदा वाचलं. "म्हणजे हा कर्मचारी बरोबर होता, म्हणून त्याला नोटीस दिली?"



मग सर बोलले. अगदी हळू, दुःखी आवाजात. "शिवलीला, हे तू मला आधीच सांगायला हवं होतंस."

मी सांगितलं होतं. अकरा तारखेला, सकाळी, फोनवर. चौदा जुलैचंही फोनवर. घरी येऊन ही वही उलटून बघितली. सगळं फोनवर. मेल एकही नाही. बदलांच्या यादीत प्रत्येक ओळीपुढे माझं नाव आहे, आणि ते खरंच आहे, बोट माझंच होतं.

अव्वाला दोन मिनिटांत कळलं होतं.

२५ ऑगस्ट, सोमवार

महापालिकेनं जॅमर लावणं थांबवलं. कंपनीला तक्रार मागे घ्यावी लागली. कृष्णातमामांचं निलंबन रद्द. डिजिटलही काढलं म्हणे, एका सकाळीत.

मला मेल आला. हा एकच मेल. विनापरवानगी सेटिंग बदलून कंपनीचं नुकसान केल्याबद्दल सेवा समाप्त. ऑफिसची किल्ली द्यायला गेले तर वाटेत मामा भेटले. गल्लीत परत उभे होते, निळ्या शर्टात. मी माफी मागितली. ते म्हणाले, "नोटिशीत तुमचं नाव हुतं, किल्ली माझ्या खिशात हुती. माझं मी बघतो, तुमचं तुमी बघा." मग मागं येणाऱ्या गाडीला हात करायला वळले.

मलकापूरचा पत्ता विचारून घेतला.

१४ सप्टेंबर, रविवार

तीन आठवडे एसटी स्टँडपर्यंत जाऊन परत येत होते. आज चढले.

घर मलकापूरच्या अलीकडे, रस्त्यापासून आत. सोप्यात खाट, खाटेवर चिमणाबाई. उजवा हात पोटावर ठेवलेला, ठेवलेला म्हणजे दुसऱ्या कुणीतरी. डोळे लख्ख. मी आले तशी त्या माझ्याकडेच बघत होत्या. गणपतराव गोठ्यातून आले. बस म्हणाले नाहीत, जा पण म्हणाले नाहीत. मी जमिनीवर बसले.

"काका, मी सांगायला आले की..."

"थांब. त्या दिशी तिथं सायब लोक बोलली. मला निम्मं कळलं न्हाई. त्ये यंत्र काम कसं करतंय, मला समजंल असं सांग."

मी सांगितलं. चकतीला गाडीचं लोखंड कसं कळतं. पॅनलवर ऊन पडलं की बॅटरी कशी भरते, आणि ढग असले की कशी आटत जाते. नाणं पडलं की यंत्र आत लिहून ठेवतं. लिहिलेलं पाठवायला मोडेम जागा लागतो, आणि त्याला मी झोपवला होता, चार-चार तास, वीज वाचावी म्हणून. त्यांनी मध्ये एकदाही अडवलं नाही. सगळं सांगून झाल्यावर म्हणाले, "पुन्यांदा सांग." पुन्हा सांगितलं.

 बाहेर म्हैस रेकली.

"म्हंजे त्येला ठावं हुतं."

"काय?"

"मी पैसं टाकल्यालं. अकरा वाजून आठ मिन्टांनी त्येला ठावं झालतं. फकस्त सांगितलं न्हाई."

"हो."

"आन् तुला कवा ठावं झालं?"

"नऊ तारखेला."

"सांगितलंस कवा?"

"बावीसला."

"ठाण्यात माझ्या शेजारी बसलीस ती तारीख कंची?"

"अठरा."

त्यांनी मान हलवली. चिडले नाहीत. चिमणाबाईंच्या घशातून काहीतरी आवाज आला, मला कळला नाही, त्यांना कळला. ते उठले, खाटेच्या डाव्या बाजूला गेले आणि बायकोच्या पाठीखाली हात घातला. कूस बदलून द्यायची वेळ झाली होती.

माझ्याकडे न बघता म्हणाले, "त्या अंगानं धर."

मी उठून धरलं.